‘पोतनीस’ कुठून आलं? घरच्या मोडी कागदांच्या वाचनसेवेचा अनुभव

माझं आडनाव पोतनीस. लग्नानंतरही मी ते बदललं नाही आणि नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या कॅश विभागात गेली. काउंटरच्या पलीकडून “पोतनीस म्हणजे काय हो, मॅडम?” असं विचारणारे खूप भेटले. वडिलांनी शिकवलेलं उत्तर मी देत असे : खजिन्याचा हिशेब लिहिणारा. पण आमच्याच घरात यावर एकमत नव्हतं. आत्या म्हणायची, हे नाव पेशव्यांनी दिलं. धाकटे काका म्हणायचे, आपण मुळात पोतनीस नव्हेच, आपलं खरं नाव वेगळं होतं. ते वेगळं नाव कोणतं, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

वडिलांच्या मागे त्यांच्या ट्रंकेत मोडी कागदांचा एक रुमाल निघाला. रुमाल म्हणजे दफ्तर बांधून ठेवायचं चौकोनी कापड; आमचा मांजरपाटाचा आहे, कडेला वाळवीने खाल्लेला. हे कागद ज्या सरांनी वाचून दिले त्यांच्या कामाबद्दल मी लिहिते आहे. आपल्या आडनावाचा शोध घ्यावा असं हल्ली बऱ्याच जणांच्या मनात येतं आणि पैसे कुठे घालावेत हे त्यांना कळत नाही. त्यांना याचा उपयोग होईल.

आधी एका ऑनलाइन सेवेबद्दल सांगते, कारण बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. आडनाव टाइप करायचं, पैसे भरायचे, की काही वेळात इमेलवर रंगीत प्रमाणपत्र येतं. माझ्या भाचीने हौसेने माझ्यासाठी ते मागवलं. त्यात लिहिलं होतं की ‘पोत’ म्हणजे जहाज, त्यामुळे पोतनीस हे पिढीजात समुद्रव्यापारी. सोबत ढाल, तिच्यावर शिडाचं गलबत, दोन बाजूंना सिंह. खाली जगात या नावाची माणसं किती याचा आकडा, आणि तो कुठून आणला याचा पत्ता नाही. मराठी घरांची ओळख गोत्र, देवक, कुलदैवत, मूळ गाव यांवरून पटते. ढालीवरचे सिंह आपल्याकडे कुठल्याच घराण्याच्या वहीत सापडायचे नाहीत. भाचीच्या प्रेमापोटी मी ते जपून ठेवलं आहे, पण असल्या प्रमाणपत्रावर कुणी पैसे घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं. संस्कृतातला ‘पोत’ आणि दफ्तरातलं ‘पोते’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला धरून दुसऱ्याचा अर्थ लावला की सगळं घराणंच खोटं उभं राहतं.

सरांचं नाव मला एका ग्रंथपालबाईंनी सांगितलं. ते निवृत्त शिक्षक आहेत, पुण्यात राहतात आणि घरूनच काम करतात. पाटी नाही, वेबसाइट नाही. त्यांचं नाव-नंबर मी इथे देत नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलं आहे. हाताशी काम भरपूर आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. पण अशी माणसं पुण्यात, नाशिकला, कोल्हापूरला आहेत. विचारत गेलं की सापडतात. त्यातला चांगला कोणता हे ओळखायचं कसं, ते पुढे येईलच.

पहिल्याच फोनवर सरांनी सांगितलं, “ताई, कागद आणू नका. पहिलं पान, मधलं एखादं आणि शेवटचं, एवढ्यांचे फोटो पाठवा. मला वाचता येतंय का ते मी आधी बघतो.” फोटो कसे काढायचे याच्या सूचनाही दिल्या : खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कागद सपाट करून, शेजारी पट्टी ठेवून. आणि पाठीचा फोटो आवर्जून. घडी घातलेल्या जुन्या कागदाच्या पाठीवर कारकुनाने एका ओळीत मजकुराचा सारांश लिहिलेला असतो आणि पुष्कळदा तारीख तिथेच सापडते. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर बिलकूल करायचं नाही. आमच्या एका कागदाला कुणीतरी कधीकाळी सेलोटेप लावलेली होती. त्या पट्टीखालची अक्षरं तपकिरी होऊन गेली आहेत आणि त्या दोन ओळी कायमच्या गेल्या.

दर पानावर असतो, पण सगळ्या पानांना एकच नाही. हस्ताक्षर आणि काळ बघून ते दर ठरवतात. आंग्लकालीन मोडी, म्हणजे इंग्रजी अमलातली, त्यांना सोपी जाते; पेशवाईतलं घाईचं लिखाण जड. निम्मे पैसे आधी, निम्मे काम हातात आल्यावर. पावती देतात. मला एक गोष्ट खटकली ती अशी की अर्ध्याहून जास्त कोरं असलेलं पानही ते पूर्ण पान धरतात. विचारल्यावर म्हणाले, “कोऱ्या जागेचे नाही घेत, शोधायला बसतो त्याचे घेतो.” ते काही मला पटलेलं नाही, पण ही अट आधी सांगितलेली होती, म्हणून तक्रार करत नाही.

आता कामाकडे येते. मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिला लटकवत, बोरू फारसा न उचलता, अक्षरं लिहितात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. इ आणि ई एकच, उ आणि ऊ एकच. त्यामुळे वाचणाऱ्याला नुसती अक्षरओळख असून भागत नाही. त्या काळचा कारभार, नात्यांचे शब्द, नाणी, महिने हे सगळं डोक्यात असावं लागतं, नाहीतर शब्द भलत्याच जागी तुटतो.

सर जो मजकूर देतात तो दोन पायऱ्यांत असतो. आधी मूळ कागदावर ओळ जिथे संपते तिथेच संपवून अक्षराला अक्षर देवनागरी. त्याखाली तोच मजकूर शब्द तोडून, विरामचिन्हं घालून. या दोन पायऱ्यांमुळे सरांनी शब्द कुठे तोडला हे आपल्याला तपासता येतं. न लागलेल्या जागी चौकटी कंस आणि टिंबं. शंका असेल तिथे दोन्ही वाचनं आणि प्रश्नचिन्ह. मी आयुष्यभर व्हाउचर तपासली आहेत. जिथे खाडाखोड उघड दाखवलेली असते तो कागद विश्वासाचा, हे मला कुणी शिकवायला नको.

रुमालातला सगळ्यांत जुना कागद म्हणजे एक याद, म्हणजे कारभारातलं टिपण. वर ‘श्री’, मग ‘सुहूर सन खमस सबैन मया व अलफ’. ही ओळ सरांनी मला समोर बसवून समजावली. हे अरबी आकडे, एककापासून वर चढत जायचे. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७५. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६००. म्हणजे आमची याद १७७४-७५ ची. नारायणराव पेशव्यांचा खून ऑगस्ट १७७३ मधला, सवाई माधवरावांचा पुरंदरावरचा जन्म एप्रिल १७७४ मधला. बारभाईंचा कारभार चालू होता त्या दिवसांतला हा कागद. वडिलांच्या ट्रंकेत हे पडून होतं आणि आम्ही त्यावर वर्षानुवर्षं लोकरीचे स्वेटर ठेवत होतो.

यादीत आमच्या पूर्वजाचं नाव आहे, त्याच्या वडिलांचं नाव आहे, आणि आडनाव नाहीच. पुढे मजकूर असा की एका सरदाराच्या फडावर, म्हणजे कचेरीत, ‘पोतनिशीचे काम’ यांजकडे सांगितलं आहे, सालीना नेमणूक अमुक, पैकी काही नक्त (रोख) आणि काही धान्य. ‘पोतनिशी’ हा शब्द तिथे काम म्हणून आला आहे. आज आपण ‘यांना कॅशियरचं काम दिलं’ म्हणू तसा.

त्या शब्दावर सर बराच वेळ बोलले आणि मला वाटतं पैसे वसूल झाले ते त्या तासाभरात. पोते म्हणजे खजिना, सरकारी रोकड. फारसीतल्या ‘फोता’वरून आलेला शब्द, ज्याचा अर्थ पैशाची थैली, भरणा. ‘नीस’ हे ‘नवीस’चं घासून झालेलं रूप, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस ही सगळी त्याच टाकसाळीतली नाणी. शिवकाळातल्या बारा महालांची, म्हणजे खात्यांची, यादी सुरू होते तीच ‘पोते’ या महालापासून. कारभाराच्या प्रत्येक मोठ्या खात्यात आठ दरकदार, म्हणजे हुद्देदार, असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. आमचा नंबर यादीत शेवटचा लागतो, पण रोकड आमच्या लेखणीखाली होती.

इथे सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती मला फार आवडली. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. वरच्या पदांची संस्कृत नावं घराण्यांना चिकटलीही. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य. खालच्या फडावर मात्र रोज शंभर वेळा हाक मारली जाई ती जुन्याच नावाने. म्हणून चिटणीस चिटणीसच राहिले आणि पोतनीस पोतनीस. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही पोतनीस हा शब्द खजिन्याच्या कामाशीच जोडलेला आहे. सरांनी कपाटातून तो जाडजूड ग्रंथ काढून पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. गलबताचा तिथे मागमूस नाही.

पोतनीस आणि पोतदार यांत लोक गल्लत करतात. पोतदार नाणं पारखायचा, चोख की हिणकस ते सांगायचा. गावोगावी हे काम पुष्कळदा सोनारांकडे असे. पोतनीस आला-गेला पैसा लिहून ठेवायचा. त्या काळी पारख किती गरजेची होती याचा पुरावा रुमालातल्याच दुसऱ्या कागदात निघाला. ते रोजकीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, सुटं पान आहे. जमेच्या बाजूला अंकुशी रुपये, चांदवडी रुपये, मल्हारशाही रुपये वेगवेगळे मांडलेले, कारण प्रत्येक टाकसाळीच्या रुपयाचा भाव वेगळा आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा बसायचा. त्या पानापुढे मी खुर्ची ओढून बसले. आकडे मोडीतले असले तरी अपूर्णांकाची खूण एकदा कळली की पुढचं वाचता येतं : आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, दोन आणि एक म्हणजे पाऊण. १२॥।, ७॥, ४।. पावणेतेरा, साडेसात, सव्वाचार. खाली बेरीज २४॥. मी तोंडी करून पाहिली, बरोबर उतरली. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या घरातल्या माणसाने संध्याकाळी रोकड जुळवून मगच पान बंद केलं होतं. मीही तेच केलं, इतकी वर्षं, रोज. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सरांनी काही न बोलता पंखा कमी केला, कागद उडू नये म्हणून.

काकांच्या म्हणण्याचं उत्तर तिसऱ्या कागदात होतं. ते वाटणीपत्र आहे, शके १७५८, दुर्मुखनाम संवत्सर, म्हणजे १८३६-३७ चं. पेशवाई १८१८ मध्ये गेलेली, ज्या फडावर पोतनिशी होती तो फडही मोडलेला. तरीही धाकट्या पातीतले (घराण्याच्या शाखेतले) भाऊ या कागदात ‘पोतनीस’ म्हणून सही करतात. काम संपलं आणि नाव उरलं. थोरल्या पातीचे भाऊ मात्र गावीच राहिलेले, जमीन आणि घर सांभाळणारे, आणि त्यांच्या नावापुढे गावावरून पडलेलं ‘-कर’ आहे. एकाच आजोबाची नातवंडं, एकाच कागदावर दोन आडनावांनी उभी. काका बरोबर होते आणि वडीलही बरोबर होते. आत्याच्या पेशव्यांना मात्र कागदात कुठे आधार मिळाला नाही. नोकरी सरदाराची होती.

हे काही आमच्या घरापुरतं खास नाही. नाना फडणीसांचं घराणं मूळचं भानू. शिवाजी महाराजांचे बाळाजी आवजी चिटणीस मूळचे चित्रे. पेशवे स्वतः श्रीवर्धनचे भट. कामाचं नाव मोठं झालं की जुनं नाव मागे पडे. याचाच दुसरा अर्थ असा की सगळे पोतनीस एकमेकांचे भाऊबंद नसतात. हे नाव एकाहून अधिक जातींत आहे, कारण जिथे जिथे पोते होतं तिथे तिथे लिहिणारा होता. आडनाव सारखं म्हणून सोयरीक किंवा भाऊबंदकी गृहीत धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव जुळल्याशिवाय काही बोलू नये.

त्या मूळ गावाच्या नावावरच सरांची खरी परीक्षा झाली. वाटणीपत्रात ते दोनदा येतं. एकदा घडीवर, जिथे शाई झिजली आहे, आणि एकदा ओळीच्या शेवटी चेपून लिहिलेलं. ऱ्हस्व-दीर्घाचा आधार नाही, दोन अक्षरं एका फटकाऱ्यात गुंतलेली. सरांनी दोन गावांची नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी आग्रह धरला, म्हटलं, सर, तुमचा अंदाज तरी सांगा. ते म्हणाले, “अंदाज मी तोंडी सांगेन, लिहून देणार नाही. लिहून दिलं की तुम्ही ते घरात सगळ्यांना सांगणार, तुमची नातवंडं ते खरं धरून चालणार. आणि अंदाजाचे मी पैसे घेत नाही.”

मला त्यांचा थोडा राग आला होता, पण पुढचा रस्ता त्यांनीच दाखवला. त्याच वाटणीपत्रात एक कलम आहे : कुलस्वामीचा वर्षाचा नैवेद्य थोरल्या पातीने करावा, धाकट्या पातीने शिधा पोचवावा. सर म्हणाले, या दोन गावांत ते ‘-कर’ आडनाव लावणारी घरं आहेत का आणि कुणाकडे हा नैवेद्य आहे, एवढं विचारा. भावाने आणि मी मिळून चौकशी केली. एका गावात त्या आडनावाचं कुणीच नाही. दुसऱ्या गावात तीन घरं, आणि नैवेद्य आजही त्यांतल्या थोरल्या घराकडे. तिथल्या वहिनी फोनवर म्हणाल्या, “आमच्या सासूबाई सांगायच्या, शिधा आणणारी माणसं पूर्वी यायची, मग बंद झाली.” गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, ती माणसं आमची आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय ते जाहीर करणं बरं नाही. यंदा शिधा आम्ही पोचवला.

सेवेतल्या त्रुटीही सांगायला हव्यात. काम सांगितलेल्या मुदतीत झालं नाही, बरंच लांबलं. मध्ये आठवण करून द्यावी लागली आणि एक-दोनदा फोन उचललाच गेला नाही. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मिळाला. छापील प्रत सुंदर दिसते, पण मोबाइलवर फाइल उघडली की सगळी चिन्हं चिन्हंच. व्हॉट्सअ‍ॅपवर भावंडांना पाठवायची म्हणून मी सगळं पुन्हा टाइप केलं. तुम्ही आधीच युनिकोड मागून घ्या. शब्दार्थांची यादी अगदीच त्रोटक आहे. मृगसाल, तेरीज, मौजे मजकूर, दस्तूर खुद्द हे शब्द नवख्याला कळणार कसे? समोर बसून विचारलं तर सर भरभरून सांगतात, पण परगावचा माणूस पुण्याला येऊन बसणार नाही. ही यादी वाढवून तिचे थोडे पैसे जास्त घेतले तरी लोक आनंदाने देतील, असं मी त्यांना सांगितलं आहे.

कोर्टासाठी किंवा जातपडताळणीसाठी लागणारं प्रमाणित भाषांतर हवं असेल तर ते सरांकडे मिळत नाही, आणि तसं ते पहिल्याच फोनवर सांगतात. वंशावळ रंगवून देणं, घराण्याचा संबंध कुणा राजाशी जोडून देणं, हेही नाही. मी बसले असताना एका गृहस्थांचा असाच फोन आला होता. “कागदात असेल तर मिळेल” एवढंच उत्तर त्यांना मिळालं.

घरात कागद नसतील त्यांनी निराश होऊ नये. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथे हजारो रुमाल आहेत. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती आणि सनदा मागवल्या. कुणाच्या घराण्यात इनाम किंवा वतन असेल तर त्या कागदांत त्याचा माग लागू शकतो. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. मोठ्या ग्रंथालयात ते चाळता येतात आणि ते देवनागरीत असल्यामुळे मोडीची अडचण नाही. राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपले तीर्थोपाध्याय शोधून त्यांच्या नामावळ्या बघाव्यात. पूर्वज तीर्थाला आले असतील तर गाव, नाव, मुलांची नावं मिळतात, क्वचित त्यांच्या हातची सहीसुद्धा. तिथे जाताना आडनावापेक्षा मूळ गावाचं नाव हाताशी असलेलं बरं. आमच्यासारख्यांचं आडनाव वाटेत बदललेलं असतं, आणि जुन्या नोंदी ‘-कर’खाली असतात. आम्ही आता तिथे जाणार ते त्याच नावाने विचारायला.

आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी मोडी स्वतःच शिकावी. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मी नाव नोंदवलं आहे. बाराखडी येते आता, जोडाक्षरं अजून अडतात.

चांगला मोडी वाचक ओळखायची माझी कसोटी सांगते, कारण ती कुणालाही लावता येईल. त्याला तुमच्या सगळ्यांत खराब पानाचा फोटो पाठवा. सगळं घडाघडा वाचून दाखवणाऱ्यापासून जरा सावध राहा. कुठे अडलं, का अडलं, हे जो बोट ठेवून सांगेल त्याच्याकडे काम द्या. लिप्यंतर ओळीला ओळ हवं, हे आधीच ठरवा. मूळ कागद हातातून सोडू नका. पानामागचा दर, मुदत आणि फॉन्ट या तीन गोष्टी लेखी घ्या.

सरांच्या वाचनाला माझ्याकडून पैकीच्या पैकी, वेळ पाळण्याला निम्मे. पुन्हा काम द्यायचं ते त्यांनाच. काकांच्या मुलाकडे दुसरा एक रुमाल निघाला आहे, थोडा लहान, पण कोरडा आणि वाळवीपासून वाचलेला. त्याच्या तीन पानांचे फोटो, पाठीसकट, परवाच पाठवले. सरांचा निरोप आला : अक्षर आंग्लकालीन आहे, दर कमी पडेल, दिवाळीनंतर घेतो. आगाऊ रक्कम भरून टाकली.